काकांच्या नावावरचे गुण

फॉर्मला सात रकाने होते. एकूण सामने, एकूण चढाया, चढाईचे गुण, बोनस गुण, पकडीचे गुण, सुपर टेन, आणि शेवटी 'पुराव्याच्या प्रती जोडणे'. ज्या माणसांनी शेतातल्या मातीवर, चुन्याची फक्की मारून आखलेल्या मैदानात कबड्डी खेळली, त्यांना सुपर टेन, म्हणजे एका सामन्यात चढाईचे दहा गुण, विचारायची या लोकांना लाज कशी वाटली नाही, हे माझ्या मनात आधी आलं. दुसरी गोष्ट नंतर लक्षात आली. तो फॉर्म बाबांनी स्वतः आणला होता.

माझे बाबा स्वतःहून फॉर्म आणणाऱ्यांतले नाहीत. रेशनकार्डावरचा पत्ता बदलायलाही आईने त्यांना हाताला धरून नेलं होतं. सातिवलीत एका प्लास्टिकच्या कारखान्याच्या गेटवर ते बसतात. त्या दिवशी ड्युटीवरून आले, चपला न काढता आत आले आणि माझ्या लॅपटॉपवर तो कागद ठेवला.

"बघ, भरता येतो का."

"कसला आहे?"

"नवीन हॉल झालाय ना, मॅटवाला. तिथं बोर्ड लावणारेत. आपल्या भागातले पहिले व्यावसायिक खेळाडू. धा जनांची नावं."

एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

इथे 'व्यावसायिक' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता तो शब्द ऐकला की लोकांना टीव्हीवरचे लिलाव आठवतात. बाबांच्या वेळी कंपन्या आपापले संघ बाळगायच्या. गावातल्या चांगल्या पोराला उचलायचं, नोकरी द्यायची आणि खेळवायचं. स्पर्धांमध्ये दोन गट असायचे, गावच्या मंडळांचा स्थानिक आणि कंपन्यांचा व्यावसायिक. बाबांना मुंबईतल्या एका रंग बनवणाऱ्या कंपनीने घेतलं होतं. दुपारी तीन वाजता त्यांना मशीनवरून सोडायचे आणि सरावाला पाठवायचे. नोकरीच्या कागदावर एक अट होती: दुसऱ्या कोणत्याही संघाकडून खेळायचं नाही. खेळलात तर घरी.

मला वाटलं, फॉर्म भरणं काय अवघड आहे? मी पत्रकं लिहिते. मनवेलपाड्यातल्या पाण्यावर लिहिली आहेत, नालासोपाऱ्यातल्या बेकायदा इमारतींवर लिहिली आहेत, मैदानावर पार्किंग करणाऱ्यांवर लिहिली आहेत. माहिती काढायची, आकडा मांडायचा, मागणी करायची. तेव्हा मी वही घेऊन बाबांसमोर बसले.

"एकूण गुण किती असतील तुमचे?"

"गुन कोन मोजतं? जिंकलो का हरलो, तेवढं घरी सांगायचं."

"अंदाजे?"

"अंदाज नाय. पन कल्याणच्या एका कोपरारक्षकाने माझा घोटा धरला होता, तो अजून धरल्यासारखा वाटतो. तो लिही."

असलं लिहायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

कंपनी बंद पडून जमाना झाला. तरी मी गेले. कंपनीच्या जागी काचेचा टॉवर होता आणि गेटवरच्या माणसाने विचारलं, "किससे मिलना है?" मला सांगता येईना. कंपनीच्या खेळ विभागाचं कपाट, त्यातल्या गुणपत्रिका, करंडकांची यादी, सगळं फर्निचरसोबत भंगारात गेलं, असं बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर सांगितलं. पाऊसपाण्याची बातमी द्यावी तितक्या सहज. मला मात्र संताप आला. माणसाच्या गुडघ्यावर संघ उभा करायचा, चषक जिंकायचे, कंपनीच्या कॅलेंडरवर फोटो छापायचे आणि जाताना त्याच्या आयुष्याचा हिशेब किलोवर विकायचा.

उरले मास्तर. मास्तर म्हणजे आमच्या खाडीकाठच्या मूळ गावाशेजारच्या ख्रिस्ती गावातले निवृत्त शिक्षक. भातझोडणी उरकली की मोकळ्या शेतांत गावोगावच्या स्पर्धा व्हायच्या, आणि सगळीकडे गुणलेखक म्हणून मास्तरच बसायचे. त्या वेळी गुणपत्रिकेवर फक्त संघाचे गुण लिहायची पद्धत होती. पण स्पर्धेच्या शेवटी उत्कृष्ट चढाईपटूला स्टीलचा डबा किंवा घड्याळ मिळायचं आणि त्यावरून भांडणं व्हायची. म्हणून मास्तर स्वतःच्या चौकटीच्या वह्यांत कोणी किती गुण आणले तेही टिपून ठेवायचे.

चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. त्यांनी वह्या तांदळाच्या डब्यात, कडुनिंबाचा पाला घालून ठेवल्या होत्या.

"तुझा बापूस का आला नाय?" त्यांनी विचारलं.

"त्यांना लाज वाटते."

"त्याला? मध्यरेषा ओलांडताना नाय वाटली ती कधी." मग मला वह्या देत म्हणाले, "इथंच बसून बघ. नेऊ नको. फोटो काढ पाहिजे तर."

तीन रविवार मी त्यांच्या ओट्यावर बसले. नाव, बनियनवरचा नंबर, त्यापुढे उभ्या रेघा, पाचवी रेघ आडवी. बाबांचं नाव कुठेच नव्हतं. एकाही पानावर नाही. आमच्या गावच्या संघात पान उलटावं तिथे काकांचं नाव होतं. माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ. त्यांच्या नावापुढे रेघांचं कुंपण उभं राहिलेलं.

काका आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात, आम्ही दुसऱ्या. रविवारी सकाळी ते बनियनवर खाली येतात, सोबत स्वतःचा कप घेऊन, कारण आमचे कप म्हणे डोळ्यांत औषध घालायच्या मापाचे. काका मैदानात इतके भारी होते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी मास्तरांना तसं म्हटलं. त्यांनी चष्मा काढला.

"पोरी, तुला खरंच माहीत नाय?"

"काय?"

"ह्या वह्या धरल्या तोवर तुझा बापूस कंपनीत लागलेला. यादीत जे नाव, ते मी लिहिलं. मी गुणलेखक, पोलीस नाय. खेळणारा कोण हे अख्ख्या मैदानाला माहीत होतं."

नावावर खेळणं, असं त्याला म्हणायचे. कंपनीतल्या पोराला बाहेर खेळायची बंदी, आणि गावाला तर तोच हवा. मग यादीत भावाचं नाव टाकायचं आणि भावाचा नंबर लावून त्याला उतरवायचं. भाऊ बाहेर कपडे सांभाळत बसायचा. पंचांना माहीत, समोरच्या संघाला माहीत. बोलायचं कुणी नाही, कारण त्यांच्याही संघात असा एखादा असायचाच. "सगळी गावं करायची," मास्तर म्हणाले. "एका फायनलला दोन्ही बाजूंनी मिळून पाच जण दुसऱ्याच्या नावावर होते. कप जिंकला तो कोणी, देव जाणे."

बक्षिसाच्या वेळी स्टीलचा डबा घ्यायला काका जायचे. प्रमाणपत्रावर काकांचं नाव. त्याच प्रमाणपत्रांवर पुढे काकांना खेळाडूंसाठीच्या राखीव जागेतून सरकारी नोकरी लागली आणि ते तिथूनच निवृत्त झाले. बाबांची कंपनी बंद पडल्यावर बाबांकडे दाखवायला एकही कागद नव्हता. ते सातिवलीला गेटवर बसले.

हे मी ऐकलं आणि घरी येईपर्यंत माझं डोकं तापून लाल झालं होतं. पण घरी माझ्याआधीच एक बातमी पोचली होती. बोर्ड लावणाऱ्या कबड्डी मंडळाच्या सेक्रेटरीने दहा नावं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती. चौथं नाव काकांचं. खेळावर नोकरी लागली म्हणून काकांना व्यावसायिकांत धरलं होतं, मास्तरांच्याच वह्यांवरून मंडळाने बेरीज केली होती आणि ती नावाखाली दिली होती. काकांनी फॉर्मसुद्धा भरला नव्हता. बाबांचं नाव नव्हतं.

काका फोन हातात घेऊन आमच्या दारात उभे होते. कप नव्हता.

"दादा, बघ ना काय केलं या लोकांनी."

बाबांनी चष्मा लावून सगळी यादी वाचली. चौथ्या नावावर जरा थांबले.

"चांगलं झालं," ते म्हणाले.

"काय चांगलं झालं? मी जातो उद्या. काढायला सांगतो."

"आनि काय सांगशील? नोकरी कशी लागली ते पन सांगशील?"

काकांनी फोन खिशात टाकला. आईने चहा विचारला, तर नको म्हणाले आणि वर गेले.

त्यानंतर माझं आणि बाबांचं जे झालं ते भांडणही म्हणता येणार नाही, कारण बोलत मी एकटीच होते. मी म्हटलं, तुमच्या घामाचे गुण आहेत ते, तुम्ही असे गप्प बसता म्हणून लोक तुमच्या डोक्यावर बसतात, हे बघा, माझ्याकडे एकेका पानाचा फोटो आहे. ते नखाने टेबलावरचं मेण खरवडत होते. शेवटी म्हणाले, "मला बोर्डावर यायचं होतं. त्याला उतरवायला नव्हतं सांगितलं. फॉर्म फाडून टाक."

मी फाडला नाही.

आता जे लिहिते ते लिहायला बरं वाटत नाही. मला पत्रक लिहायला ज्या ताईंनी शिकवलं, त्यांचा एक नियम होता: पत्रकात 'बहुतेक' लिहायचं नाही, 'साधारण' लिहायचं नाही. तुम्ही जागा ठेवली की समोरचा तिथूनच निसटतो. हा नियम मी पाण्याच्या टँकरवाल्यांवर वापरला आणि जिंकले. तोच घरच्या माणसावर वापरला. मथळा दिला, 'कुणाचा घाम, कुणाचं नाव?' खाली लिहिलं की मास्तरांच्या वह्यांत या खेळाडूच्या नावावर असलेला एकूण एक गुण त्याच्या थोरल्या भावाने मिळवलेला आहे, धाकट्याने मैदानात पाऊलही टाकलं नव्हतं, आणि मंडळाने ताबडतोब नाव बदलावं. नालासोपाऱ्यातल्या झेरॉक्सवाल्याकडून पिवळ्या कागदावर पाचशे प्रती काढल्या. बाबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते, हे मला माहीत होतं, आणि माझ्या लेखी तेच न विचारण्याचं कारण होतं.

हॉलवर आंतरशालेय सामने होते. दारात उभी राहून मी एकटीने सगळे कागद वाटले. लोक वाचत होते, घड्या घालून खिशात ठेवत होते. एकाने तिथेच हसून दुसऱ्याला म्हटलं, "म्हणजे नोकरी पण भावाच्याच तंगड्यांवर लागली की!" ते ऐकून मला बरं वाटलं. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं.

दोन दिवसांनी मंडळाने दोघा भावांना बोलावलं. मी बाबांबरोबर गेले. ऑफिसात ट्यूबलाइट फडफडत होती, टेबलावर माझंच पिवळं पत्रक होतं आणि त्यावर चहाच्या ग्लासाचा गोल उमटला होता. काका भिंतीला लागून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

सेक्रेटरी माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. त्याने बाबांना विचारलं, "काका, हे खरंय का? तुम्ही खेळायचा ह्यांच्या नावावर?"

मी बाबांकडे बघत होते. त्यांना बोर्डावर यायचं होतं. फॉर्म त्यांनीच आणला होता. एक 'हो' म्हणायचं होतं.

"नाय," बाबा म्हणाले. "मी कंपनीकडून खेळायचो. गावाकडून कधीच नाय उतरलो. पोरीचा गैरसमज झालाय."

"बाबा!"

"तू गप."

"मग ह्यांनी खेळलेत हे सगळे सामने?" सेक्रेटरीने काकांकडे बोट केलं.

काकांनी तोंड उघडलं, बाबांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. हो म्हणावं तर ते खोटं, आणि नाही म्हणावं तर दादा खोटा ठरतो. सेक्रेटरीने ते शांत बसणं आपल्या परीने वाचलं आणि पेनाने चौथं नाव खोडलं.

"वाद असलेली नावं आपण घेतच नाही. ना ह्यांचं, ना त्यांचं. नऊ जणांचाच बोर्ड करू. उगाच कटकट नको."

रिक्षातून घरी येताना बाबा बाहेर बघत होते. मी दोनदा बोलायला गेले. ते एकदाच म्हणाले, "आता कंपनीतला पन नाय अन् गावातला पन नाय." ते मला उद्देशून नव्हतं.

काकांचं रविवारी येणं बंद झालं. काकू जिन्यात भेटल्या तर पिशवी या हातातून त्या हातात घ्यायच्या आणि पुढे जायच्या. चौकात कुणीतरी कुजबुजलं की आता काकांच्या पेन्शनची चौकशी लागणार. लागली नाही. पण ती लागेल या धास्तीत काकांनी महिनाभर पोस्टमनसाठी दारच उघडलं नाही, हे मला आईने सांगितलं, तेही भांडी आपटत.

पावसाळा संपता संपता एका दुपारी काका खाली आले. बाबा ड्युटीवर होते, आई बाजारात. मी दार उघडलं. ते आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले.

"त्या वह्यांचे फोटो आहेत का तुझ्याकडे?"

"आहेत."

"सातिवलीच्या स्पर्धेचं पान काढ. सेमीफायनल."

मी लॅपटॉप उघडला. ते पान सापडायला वेळ लागला नाही, कारण मी ते आधी एकदा बघितलं होतं आणि त्यावर अडले होते. त्याच तारखेला कंपनीचा अंतिम सामना होता, असं बाबांनी बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. म्हणजे बाबा त्या दिवशी सातिवलीत असूच शकत नव्हते. तेव्हा मी ठरवलं होतं की मास्तरांची तारीख चुकली असणार, आणि पुढे गेले होते. पत्रकाच्या आड येणारी तारीख चुकीची असलेलीच बरी.

काकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. त्यांच्या नावापुढे पाच-पाचचे दोन गठ्ठे आणि वर चार रेघा.

"हे माझे," ते म्हणाले. "दादा येनार होता, आला नाय. कंपनीने सोडलं नाय त्याला. सगळे म्हनाले, आता तूच उतर. मी उतरलो. पहिल्या चढाईत पकडलं त्यांनी मला. मग काय झालं देवाला ठाऊक. लोण चढवला आम्ही त्यांच्यावर, आख्खा संघ बाद. चौदा आनले मी."

"काका, मला..."

"सगळं त्याचंच होतं ग. डबे, घड्याळ, सर्टिफिकेटं, नोकरी. मला काय ठाऊक नाय? आख्खा जन्म मी ते उचलत आलो. पन हे चौदा माझे होते. तू लिहिलंस, पाऊल पन टाकलं नाय."

मी म्हटलं, मी दुरुस्ती करते, मंडळाला पत्र देते, आत्ता जाते. ते उठले.

"दे. पन दादाला मध्ये घेऊ नको आता."

मी त्याच संध्याकाळी सेक्रेटरीला गाठलं. त्याने पत्र उभ्याउभ्याच वाचलं.

"मॅडम, आधी म्हणालात सगळे गुण बाबांचे. बाबा म्हणाले माझे नाहीत. आता म्हणताय चौदा काकांचे. उद्या म्हणाल उरलेले पंचांचे." शेजारी बसलेली मंडळी हसली. "आणि बोर्ड कालच लागला. बघून घ्या जाता जाता."

बघितला. ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत नऊ नावं, प्रत्येकाखाली आकडे. दगड दहा जणांच्या मापाने कापून आणला होता, म्हणून खाली जागा उरली होती. तिथे मॅट पुरवणाऱ्या दुकानाची जाहिरात आली होती. वरच्या नऊ जणांपैकी किती जण आपापल्या नावावर खेळले होते, हे मास्तरांनाच विचारावं लागेल. मी विचारणार नाही.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. वह्या, ती तारीख, चौदा रेघा. ते जेवत होते. घास तसाच ठेवून ऐकलं.

"व्हय, ते त्याचेच," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी गावात गेलो तर पोरं मला सांगत होती, तुझ्या भावाने काय कमाल केली. मला इतकं बरं वाटलं होतं! मी त्याला म्हनलो पन, पुढच्या सामन्याला तूच उतर. तर गावाने ऐकलं नाय. म्हनाले दादाच पाहिजे."

"मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"तू इचारलंस कुठं?"

त्यांनी ताट सरकवलं, हात धुतले, शर्ट चढवला आणि वर गेले. त्या ऑफिसातल्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी दारात उभी राहून ऐकत होते. त्यांचा एक गुडघा जिन्यावर कटकट वाजतो, तो चौथ्या मजल्यापर्यंत वाजत गेला. बेल वाजली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली. मग तो गुडघा सावकाश खाली आला.

"झोपलाय," बाबा म्हणाले.

वरून टीव्हीचा आवाज स्पष्ट येत होता.